मृग लागायच्या आत

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं, मृग ७-८ जूनला. घराची, अंगणाची, विजेच्या उपकरणांची पावसाळी तयारी उरकायची ती या पंधरवड्यात. यादीचा क्रम लावताना महत्त्व वगैरे बघू नका. एवढंच विचारा, हे काम ओल्यात होईल का? होणार नसेल तर ते वर घ्या.

म्हणून सुरुवात गच्चीपासून. वाळका पाला, कबुतरांची पिसं, संक्रांतीपासून अडकलेला मांजा, सगळं झाडून काढा आणि पाणी उतरायच्या पाइपाची जाळी उचलून आत हात घाला. वरून स्वच्छ दिसणाऱ्या जाळीखाली हमखास चिखलाचा गोळा असतो. मग दोन बादल्या पाणी ओता, खाली कोणाला तरी उभं करा. पाणी धारेनं आलं तर ठीक, ठिबकत आलं तर मध्ये बोळा बसलाय. कोब्याला गेलेल्या चिरांवर खडूनं खुणा करा आणि माणूस आजच सांगा. जूनमध्ये वॉटरप्रूफिंगवाला फोन उचलत नाही, आणि उचलला तरी ओल्या कोब्यावर लेप धरत नाही. काम झालं, लेप वाळला, की पाइपाचं तोंड कापडानं बंद करून दोन इंच पाणी चोवीस तास साठवा आणि खालच्या खोलीचं छत बघा. पैसे त्यानंतर द्या.

मग इन्व्हर्टर. ट्यूब्युलर बॅटरीच्या सहाही झाकणांवरचे तरंगते दांडे बघा. गेल्या वर्षी आमच्याकडे दोन दांडे पार बुडालेले होते, आणि घरात कोणी वर्षभर तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. (कोणी म्हणजे मीच.) इन्व्हर्टर बंद करा, खोलीची खिडकी उघडा, मग खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, आरओचंही नको, आणि ॲसिड तर अजिबात नको. आतलं उडतं ते पाणीच. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी जमली असेल तर सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशनं घासा, कोरडं पुसा, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. थोडा हिशेबही करून ठेवा. १२ व्होल्टची १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, पण जुनी झालेली बॅटरी असेल तर हजारच धरा. जुने तीन पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, म्हणजे चार-साडेचार तासांत खेळ संपला. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. वायफायचा राउटर फार तर १०-१२ खातो, तेव्हा तो इन्व्हर्टरच्या लाइनवर बिनधास्त टाका.

मीटरपेटीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, असेल तर त्याचं ‘टेस्ट’चं बटण दाबा. वीज खट्‌कन गेली पाहिजे. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. फोनवर दामिनी ॲप घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं विजांच्या सूचनेसाठीच ते केलंय. गडगडाट सुरू व्हायच्या आधी टीव्ही आणि राउटरचे प्लग काढायचे, सेट-टॉप बॉक्सची केबलसुद्धा. ती लोक विसरतात.

गाद्या, गोधड्या, डाळी-तांदळाला उन्हं दाखवायची हे कोणाला सांगायला नको.

राहिलं लॉन. पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते, झोपलेली असते. तिच्यावर आत्ता खत टाकू नका. दोन चांगल्या सरी होऊन जमीन भिजली की मग, तेही चिमटीचिमटीनं, नाहीतर मुसळधार पावसात युरिया सरळ गटारात. आत्ता करायचं ते वेगळं. पाणी साचणारे खळगे चाळलेल्या माती-वाळूनं भरा, मशीनचं पातं धार लावायला द्या. पावसात पहिली कापणी कराल तेव्हा उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, आणि विजेवरचं मशीन ओल्या गवतावर फिरवूच नका.

लव्हाळा मात्र आत्ताच काढायचा. उपटला की पातं हातात येतं आणि गाठ खालीच राहते. खुरपं खोल घाला, दोऱ्यासारखं मूळ न तोडता त्याच्या मागं जा, शेवटी हरभऱ्याएवढी काळी गाठ सापडते, आणि तिच्यापुढं आणखी एक. मेच्या उन्हात आठवडाभर पडल्या की या गाठी वाळून मरतात. ओल्या मातीत टाकलेल्या मात्र पुन्हा फुटतात. माझ्या आत्ता गच्चीवर एका पत्र्यावर पसरलेल्या आहेत. वळीव आलाच, तर आधी पत्रा आत घ्यायचा, मग दोरीवरचे कपडे.