सायकलची चेन बदलताय? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातून निघालो आणि काळा घोड्यापाशी पॅडल एकदम हलकं झालं. मागे पाहिलं तर दोनच दिवसांपूर्वी घातलेली कोरी चेन रस्त्यावर. चेनचा काही दोष नव्हता. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप मी उलटी बसवली होती.

या क्लिपचं एक टोक बंद असतं, दुसरं माशाच्या शेपटीसारखं फाटलेलं. चेन ज्या दिशेला धावते, तिकडे बंद टोक हवं. हे मला पाठ होतं. पण मी जोड खालच्या बाजूला घेतला आणि बंद टोक हँडलकडे केलं. खालची चेन मागे धावते, हे डोक्यातच आलं नाही! तेव्हा जोड वर आणा, मग बंद टोक हँडलकडे करा.

आता दुकानापासून. साधी सायकल म्हणजे कुठलीही चेन चालेल, असं नाही. दुकानदाराने विचारलं, ‘जाडी आपूं के पातळी?’ (जाड देऊ की पातळ?) तर अंदाजाने उत्तर देऊ नका. साध्या, बिनगिअरच्या सायकलला बहुधा १/८ इंच रुंदीची लागते. ३/३२ ची पातळ चेन जाड दात्यांवर बसतच नाही. उलट जाड चेन पातळ दात्यांवर चालून जाते.

जुनी चेन शेजारी लटकवून नवी कापणं ही सगळ्यात महाग चूक. जुनी झिजून लांबलेली असते, म्हणून कड्या मोजा. लॉक लावायचं असेल तर दोन्ही टोकांना अरुंद, आतली कडी उरली पाहिजे. एका टोकाला रुंद कडी राहिली तर जोड बसत नाही, आणि एक कडी कमी करावी तर चेन आखूड पडते.

मुळात बदलायची गरज आहे का? पट्टी लावून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. १२ १/१६ झाल्या तर लक्ष ठेवा, १२ १/८ झाल्या तर बदला. चेन फार उशिरा बदलली असेल तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दातेही चोचीसारखे वाकलेले असतात. त्यांच्यावर नवी चेन जोर दिला की टकटक उडी मारते, आणि लोक नवी चेन खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. फ्रीव्हील काढायला खास पाना लागतो. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

मागचं चाक मागे ओढून ताण देताना चेन तारेसारखी आवळू नका. मधोमध बोटाने वरखाली १ ते १.५ सेंटिमीटर हलली पाहिजे. चेनव्हील, म्हणजे पॅडलजवळचं दातेरी चक्र, क्वचितच पूर्ण गोल असतं, म्हणून पॅडल एक फेरा फिरवून जिथे सर्वांत घट्ट लागेल तिथे मोजा. मग दोन्ही नट आळीपाळीने कसा, चाक मधोमध आहे ना बघत. चाक मागे सरकलं की ब्रेकचे गुटके रिमवर नीट लागतात का तेही पाहा. मी ते विसरलो होतो. नशीब, उतार नव्हता.

तेलाचं म्हणाल तर घरातलं शेंगदाण्याचं तेल नको, चिकटा होऊन धूळ धरतो. पावसातून आलात की फडक्याने पुसा आणि मशीनच्या तेलाचा एकेक थेंब रोलरवर सोडा.