पर्जन्यमापकाच्या संगणकाची वेळ: मृगापूर्वीची तयारी

खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी भागात रास्पबेरी पाय या एका पाटीवरच्या छोट्या संगणकावर चालणारा पर्जन्यमापक बसवायचा असेल, तर मृग लागण्याआधी त्याच्या वेळेची व्यवस्था करून घ्यावी, कारण पाय ४ पर्यंतच्या पाट्यांवर वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळच नसते. पाय ५ वर ते आहे, परंतु त्याचा सेल वेगळा आणून जोडावा लागतो.

प्रथम आपली प्रणाली वेळ कोठे जपून ठेवते ते पाहावे. फेक-एचडब्ल्यूक्लॉक ही आज्ञावली दर तासाला आणि संगणक रीतसर बंद होताना वेळ फाइलमध्ये लिहिते. काही प्रणालींत त्याऐवजी असलेली, सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाची टाइमसिंकडी सेवा एका फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ त्याच कामी वापरते. पुन्हा चालू होताना मोजणी तेथून पुढे सुरू होते, त्यामुळे संगणक १९७० सालात, म्हणजे त्याच्या कालमोजणीच्या शून्यावर, जाऊन पडत नाही. मात्र ही वेळ खरी नव्हे, केवळ मागे न जाणारी आहे. रात्री ११ वाजता गेलेली वीज पहाटे ४ वाजता आली आणि मोबाइलचा टॉवरही बंद असल्याने इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली नाही, तर यंत्राच्या लेखी तेव्हाही ११ च्या आसपासचीच वेळ असते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो. म्हणून साडेनऊची सर साडेचारची ठरून आदल्या दिवसाच्या खाती जमा होते, आणि नुसत्या आकड्यांवरून ही चूक ओळखता येत नाही.

तेव्हा वीज नसतानाही सेलवर चालणारे, डीएस३२३१ चिपचे घड्याळ आणावे. साधारण तापमानात ते वर्षाला सुमारे एका मिनिटापेक्षा अधिक चुकत नाही. त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत, कारण काही स्वस्त पाट्यांवर ५ व्होल्ट दिल्यास सीआर२०३२ हा पुन्हा भारित न होणारा सेलही भारित होऊ लागतो, जे धोक्याचे आहे. संगणकाच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये त्याची नोंद करून, इंटरनेटवरून वेळ जुळल्यानंतरच ती घड्याळात लिहावी. प्रत्येक नोंदीशेजारी वेळ पडताळलेली आहे की नाही, याचा रकाना ठेवावा. माझ्या मते घड्याळ बसवल्यावरही तो काढू नये.

शेवटी एका रात्री इंटरनेट तोडून प्लग काढून ठेवावा, सकाळी इंटरनेट न जोडताच यंत्र चालू करावे आणि त्याची वेळ हातातील मोबाइलशी ताडून पाहावी.