पन्नास बोर्ड, बारा जण आणि एक उलटी पट्टी

मागच्या वर्षी मे महिन्यात, रविवारी सकाळी फोन आला. चंद्रपूरचा एक मुलगा होता, आमच्या ग्रुप ऑर्डरमधला. "दादा, बोर्ड काढला की कॉम्प्युटर चालते. लावला की बंद पडून राहिलं." दुपारपर्यंत असेच आणखी दोन फोन आले. बारा जणांचे पैसे गोळा करून पन्नास बोर्ड मी मागवले होते. नव्याने असं काही करायला निघालेल्यांना तो अनुभव उपयोगी पडावा, म्हणून सविस्तर सांगतो.

बोर्ड होते आरसी२०१४ या झेड८० नावाच्या जुन्या प्रोसेसर चिपवर चालणाऱ्या, स्वतः जोडायच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी. स्पेन्सर ओवेन या इंग्लंडमधल्या हौशी माणसाने तो बनवला. त्याच्या बॅकप्लेनवर, म्हणजे सगळी कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या खालच्या बोर्डावर, ४० पिनांच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक कार्ड त्यात उभं बसतं. आम्हाला हवं होतं ते नुसत्या भोकांचं कार्ड, त्यावर आपापलं सर्किट जोडायला. नागपुरात बर्डीच्या बाजारात तपकिरी झिरो पीसीबी, म्हणजे तयार भोकांचा बोर्ड, मिळतो, पण त्याचं तांबं एकाच बाजूला असतं. आयसी बेस (चिप बसवायचा सॉकेट) एकदा काढून पुन्हा लावला की तांब्याची चकती सुटून हातात येते. कारखान्यातून करून घेतलेल्या फायबरच्या बोर्डात भोकाला आतूनही तांबं असतं, म्हणून तो तीनचारदा सोल्डर सहन करतो. शिवाय १९७६ साली आलेल्या झेड८० च्या ४० पायांच्या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये घेतल्या. त्यामुळे ज्यांनी चिपा जमवून ठेवल्या होत्या, त्यांना आता बोर्डांची घाई होती.

एकट्याने मागवणं महाग का पडतं, हे आधी समजून घ्या. पाच बोर्ड करा की पन्नास, कारखान्याचा फाइल तपासण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच राहतो. बऱ्याच ठिकाणी १०० बाय १०० मिलिमीटरच्या आत राहिलं तर दर खूपच कमी असतो, एक मिलिमीटर वाढला की तो चढतो. १.६ मिलिमीटर जाडीचा असा एक बोर्ड साधारण ३० ग्रॅम भरतो, म्हणजे पन्नासांचं वजन दीड किलो. कुरिअर वजनाच्या टप्प्यांवर आकारणी करतं, तेव्हा हे गणित पैसे मागण्याआधीच करा. वर बाहेरदेशातून येणाऱ्या मालावरचा १८ टक्के आयजीएसटी धरा. केवायसी (ओळखीचे पुरावे) आणि कस्टम्सचे कागद एकाच्याच नावावर निघतात, म्हणून तो एक जण कोण हे पहिल्याच दिवशी ठरवा. यादी बंद करायची तारीख सांगा आणि पैसे आले नाहीत त्याचं नाव काढा. जवळच्या मित्राचंही. त्याने वाईट वाटून घेतलं तर आठवडाभर घेईल. उरलेले पैसे हिशोबासकट परत द्या.

आता भोकं. आयसीचा पाय बारीक असतो, तो ०.८ मिलिमीटरच्या भोकात सहज जातो. बर्ग स्ट्रिपची (बॅकप्लेनमध्ये खुपसायच्या पिनांच्या पट्टीची) पिन मात्र ०.६४ मिलिमीटरची चौकोनी असते, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ०.९. ती ०.८ मध्ये जातच नाही. सगळी भोकं १ मिलिमीटरचीच ठेवा.

मी हे सगळं पाळलं होतं. डिझाइनची १०० टक्के मापाची प्रिंट काढून थर्माकोलवर चिकटवली, बर्ग स्ट्रिप खुपसून पाहिली, ४० च्या ४० पिना बरोबर बसल्या. चूक तिथेच लपली. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच असते, उलटी असली तरी बसते. मी ती सोल्डरच्या बाजूने पाहून काढली होती. आरसी२०१४ मध्ये १७ ही ग्राउंडची (वीजपुरवठ्याच्या शून्य व्होल्टची) आणि १८ ही ५ व्होल्टची पिन. उलट्या पट्टीत माझी ग्राउंडची रेघ २४ वर, म्हणजे राइटच्या सिग्नलवर गेली आणि ५ व्होल्टची २३ वर, मेमरी रिक्वेस्टवर. दोन्ही रेघांमध्ये सगळ्यांनी रीतसर वीज स्थिर ठेवणारे १०४ नंबरचे कपॅसिटर लावले होते. त्या दोन सिग्नलांच्या मधोमध कपॅसिटर बसल्यावर झेड८० ला मेमरी कशी सापडणार?

त्याच दिवशी सगळ्यांना कळवलं, चूक माझी आहे, बोर्ड लावू नका. नागपूरचे आठ जण पुढच्या रविवारी प्रतापनगरला घरी आले. कूलरच्या वाऱ्याने सोल्डरिंगची इस्त्री थंड पडते आणि टाका नीट वितळत नाही, म्हणून पंचेचाळीस डिग्रीत तो बंद करून बसलो. प्रत्येक बोर्डावर ब्लेडने दोन रेघा कापायच्या, दोन तारा जोडायच्या, जोड लागला की नाही हे मल्टिमीटरच्या बीपने तपासायचं. बाहेरगावच्या चौघांना फोटो आणि तारा कुरिअरने पाठवल्या.

दुसऱ्या खेपेला १ नंबरच्या पिनेची चकती चौकोनी केली आणि दोन्ही बाजूंना आकड्यांऐवजी सिग्नलची नावंच छापली. प्रिंट टेबलावर न ठेवता बॅकप्लेनमध्ये उभी धरून पाहिली. मग फक्त पाच बोर्ड मागवले, ते महाग पडले तरी. आले त्या संध्याकाळी एक लावला, मीटरचं एक टोक १७ वर टेकवलं, दुसरं ग्राउंडच्या रेघेवर. बीप वाजला. उरलेल्या पंचेचाळीसची ऑर्डर रात्री गेली.