हरभऱ्याच्या मुळावरची गाठ फोडून पाहा

उत्क्रांतीची करामत पाहायला तापीकाठच्या काळ्या रानातला पेरणीनंतर ३५-४० दिवसांचा हरभरा पुरे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडून झाडाला देतात. झाड उपटू नका. चिकट मातीत गाठी तुटून राहतात. वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नसताना), बुंध्यापासून वीतभर अंतरावरून कुदळीने ढेकळासकट उचला, बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजवा, मग हलकेच खळबळा.

गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते. मूळच फुगलेलं असेल तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक किड्यांचं काम.

आता ब्लेडने गाठ कापा. आत गुलाबी-लाल दिसलं की काम चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा भाऊबंद, लेगहिमोग्लोबिन! हवेतला नत्र पकडणारं जिवाणूचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने बिघडतं, पण जिवाणूच्या श्वासाला तर ऑक्सिजन लागतोच. म्हणून हे रंगद्रव्य तो धरून ठेवतं आणि मोजूनमापून सोडतं.

आत पांढरं म्हणजे गाठ कोवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी. घाटे भरताना तसं होणारच. गाठीच नसतील तर बहुधा युरिया जास्त झालाय (फुकटचा नत्र मिळाल्यावर झाड जिवाणूंना कशाला पोसेल?) किंवा पाणी साचलंय.

पुढच्या पेरणीला १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा. ते हरभऱ्याचंच हवं, भुईमुगाचं चालत नाही. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.