मधुमेहात नजर टिकवायची तर या चुका टाळा

‘मला तर सगळं स्वच्छ दिसतंय, डोळे कशाला तपासू?’ सर्वांत महागात पडते ती हीच चूक. वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या (रेटिना) बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात आणि झिरपू लागतात. हे पडद्याच्या कडेला चाललेलं असेल तर तक्त्यावरची शेवटची ओळही बिनचूक वाचता येते. नजर अंधुक होते ती मध्यभागी सूज आल्यावर, किंवा नव्याने फुटलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून डोळ्यात रक्त उतरल्यावर. तेव्हा उपचार असतात, पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

म्हणून टाइप २ मधुमेहाचं निदान होताच, आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत पडदा तपासून घ्या. पुढे साधारण वर्षातून एकदा. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते किंवा पडद्याचा फोटो घ्यावा लागतो. थेंबांना २०-३० मिनिटं लागतात आणि पुढचे काही तास धूसर दिसतं, उजेड खुपतो. त्या दिवशी गाडी चालवू नका.

नंबरावरून आठवलं: साखर वर-खाली होत असताना नवा चष्मा करू नका. डोळ्याचं भिंग पाणी धरतं आणि नंबर बदलतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, नाहीतर महिन्याभरात तोच चष्मा निरुपयोगी ठरेल.

एक चूक फारशी कुणी सांगत नाही. पडद्यावर आधीच बिघाड असताना खूप वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर सुरुवातीचे काही महिने बिघाड वाढू शकतो. म्हणून साखर चढीच ठेवायची असं मुळीच नाही. पुढे फायदाच होतो. फक्त इन्सुलिन किंवा जोरदार औषधं सुरू करण्याआधी पडदा दाखवा आणि नंतर लवकर पुन्हा दाखवा.

डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने पडद्याची सूज उतरली की पुढच्या तारखा चुकवणं हेही नेहमीचं. औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, सूज परतू शकते. लेझर बहुधा उरलेली नजर वाचवण्यासाठी असतं, त्यामुळे ‘लेझरने काही सुधारलं नाही’ म्हणून नाराज होऊन उपचार सोडू नका.

नजर कमी झालेल्यांनी इन्सुलिनची दोन पेनं सारखी ठेवू नयेत. जेवणाआधीच्या पेनाला रबरबँड गुंडाळा, बोटांना फरक कळतो. पेनाच्या नुसत्या टकटक आवाजावर डोस मोजू नका. आकडा भिंगातून वाचा किंवा कुणाला तरी दाखवा.

पडद्यात बिघाड सापडला तर लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन (दोन्हींवरून किडनीची स्थिती कळते) आणि रक्तदाब तपासलेच पाहिजेत. किडनीच्या रक्तवाहिन्याही तितक्याच बारीक असतात. तळपाय रोज घरच्या कुणाकडून बघून घ्या. पायाला बधिरपणा असेल तर जखम दुखत नाही, आणि नजर अधू असली की दिसतही नाही.

अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, प्रकाश चमकला, नजरेसमोर एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तोवर वजन उचलू नका, खाली वाकू नका, आणि आडवं व्हायचं तर उशी उंच घ्या.