छज्जा पडला? ढिगारा उचलण्याआधी एवढं बघून घ्या

जळगाव-धुळे पट्ट्यात घर, शाळेची खोली किंवा पाण्याची टाकी पडली की मला पाहणीला बोलावतात. बहुतेक वेळा मी पोचतो तेव्हा जागा साफ झालेली असते. जेसीबीने ढिगारा उचललेला असतो, सळया भंगारात गेलेल्या असतात आणि कुणीतरी सांगतं, "पावसाने पडलं, साहेब." पाऊस शेजारच्या घरावरही पडला होता, ते उभं आहे. म्हणून विनंती: माणसं बाहेर काढा, वीज-गॅस बंद करा आणि मग ढिगारा जिथल्या तिथे राहू द्या.

तुकडे किती बोलतात याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला पडला, ४६ माणसं गेली. तपास करणाऱ्यांनी नदीतून लोखंड काढून ते मैदानात पुलाच्या क्रमाने मांडलं. तेव्हा पूल पेलणाऱ्या साखळीच्या एका दांड्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकापाशी, जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीचा जुना तडा सापडला. त्यानंतर त्या देशात पुलांच्या नियमित तपासणीचे नियम आले. हे भंगारात गेलं असतं तर?

आपल्याकडे सर्वांत जास्त पडतो तो छज्जा, त्यामुळे तोच धरून सांगतो. मोबाईल, मोजपट्टी, वही आणि एक रिकामी गोणी घ्या. आधी लांबून चारी बाजूंनी फोटो काढा, मग जवळून. प्रत्येक जवळच्या फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे, नाहीतर नंतर माप कळत नाही.

आता भिंतीलगतची तुटलेली कड बघा. छज्जा भिंतीतून बाहेर निघालेला असतो, त्यामुळे त्याची वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून मुख्य सळई वर हवी. बांधणी तशीच करतात, पण माल टाकताना मजूर घमेली घेऊन सळयांच्या त्याच जाळीवरून चालतात आणि खाली खुर्च्या, म्हणजे जाळी वर उचलून धरणारे सळईचे टेकू, नसल्या की जाळी दबते. पाच इंच जाडीच्या छज्ज्यात सळई वरून पाऊण ते एक इंचावर पाहिजे. ती तीन इंचांवर सापडली, तर ताकद जवळजवळ निम्मी झालेली असते. हे अंतर तीन-चार ठिकाणी मोजून वहीत लिहा. माझ्या मते या एका मापाइतकं दुसरं काहीच बोलत नाही.

सळईचं टोक त्याच दिवशी बघा. ताजं तुटलेलं टोक करडं, चकचकीत असतं. आतून आधीच गंजलेलं असेल तर तांबूस-काळपट आणि बारीक झालेलं दिसतं. एक पाऊस पडला की दोन्ही सारखीच दिसायला लागतात. मग खडीकडे वळा. खडी मधोमध फुटली असेल तर माल चांगला होता. खडी गुळगुळीत निघून आली आणि मागे तिचे खळगे राहिले असतील, तर सिमेंट कमी पडलं, पाणी जास्त झालं किंवा क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, नीट झालं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी ओतलेला स्लॅब ओल्या गोणपाटाने झाकला नाही, तर वरचा थर सिमेंट पकडण्याआधीच सुकतो. तुटलेला एक तुकडा, सळईसकट, गोणीत भरा. त्यावर जागा आणि तारीख लिहा.

पुढचं काम विचारपूस. "कुणी बांधलं?" हा प्रश्न मागे ठेवा, नाहीतर सगळे गप्प बसतात. आधी विचारा, "अलीकडे काय बदललं?" वर टाकी बसवली का, वाळूचा ढीग टाकला का, मूळ नकाशात नसलेलं काही केलं का? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ ला छताला दांड्यांनी टांगलेले, एकाखाली एक असे दोन पादचारी पूल कोसळून ११४ माणसं मेली. मूळ आराखड्यात एकच लांब दांडा दोन्ही पूल पेलणार होता. बांधताना सोयीसाठी त्याचे दोन दांडे केले, खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला, आणि वरच्या पुलाच्या जोडावर दोघांचाही भार आला. कागदावर तो बदल क्षुल्लक दिसत होता.

काळ्या मातीवरच्या घरात जोतं आणि भिंतीही बघा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. भेग वर रुंद असेल तर बहुधा घराच्या कडा खचत आहेत, खाली रुंद असेल तर मधला भाग. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका. पुढे सरकली की ती चालू आहे, आणि चालू भेगेवर गिलावा करून उपयोग नाही.

चालू भेगेकडे डोळेझाक केली तर काय होतं, ते बांगलादेशात राणा प्लाझा या इमारतीने दाखवलं. भेगा आदल्या दिवशी दिसल्या होत्या. इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, कपड्यांच्या कारखान्यातल्या कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. २४ एप्रिल २०१३ ला इमारत कोसळून अकराशेहून जास्त जीव गेले.

आणि एक काम आजच करा. त्याच घराचे बाकीचे छज्जे त्याच मिस्त्रीने, त्याच पद्धतीने ओतलेले असणार. त्यांच्याखाली बल्ल्यांचे टेकू लावा, खालची ये-जा बंद करा आणि इंजिनिअर येऊन बघेपर्यंत टेकू काढू देऊ नका.