रमशिवाय प्लम केक करताय? या चुका टाळा

‘रमऐवजी संत्र्याचा रस वापरा’, एवढं सांगून बहुतेक पाककृती मोकळ्या होतात. त्या भरवशावर नोव्हेंबरातच सुकामेवा रसात भिजत घातला, तर नाताळ यायच्या आत बरणीला आंबूस वास सुटतो आणि वर फेस धरतो. आपल्याकडच्या रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणून त्यात मनुके-खजूर महिनोन्‌महिने टिकतात. रसात मात्र साखर आणि पाणी, म्हणजे यीस्टला आयतं खाद्य. रसातला मेवा फ्रिजमध्येच ठेवा आणि एक-दोन दिवसांत वापरा. वेळ कमी असेल तर मंद आचेवर पाचेक मिनिटं रसात उकळून झाकून ठेवा. गार होईपर्यंत मनुके टम्म फुगतात.

फुगलेला मेवा रसासकट मिश्रणात ओतू नका, केक मधोमध गिच्च राहील. चाळणीत निथळून घ्या, चमचाभर मैद्यात घोळवा आणि मगच मिसळा. रस गोड असेल तर साखर एक-दोन चमचे कमी करा.

आता चवीचं. नुसत्या रसाने केक संत्र्याचा होतो, प्लम केक होत नाही, असं माझं ठाम मत आहे. डार्क रमचा खोल वास उसाच्या मळीतून आणि लाकडी पिंपांतून येतो. त्याच्या जवळ जाणारी वस्तू आपल्याच घरात आहे: काकवी. दोन चमचे काकवी, साखर जाळून केलेलं कॅरॅमल, किसलेली संत्र्याची साल आणि रमच्या झणक्यासाठी चिमूटभर सुंठ. साखर गडद तांबूस झाली की गॅस बंद करून, हात लांब ठेवून थोडं थोडं गरम पाणी घाला. ती काळी पडली तर कडूपणा सगळ्या केकभर उतरतो. तेव्हा टाकून द्या आणि नव्याने करा. रम इसेन्स वापरलात तर थेंबांनी मोजा. त्यात अल्कोहोल असू शकतं, म्हणून लेबल वाचा.

भाजलेल्या केकवर दर आठवड्याला रम शिंपडतात, तसा रस शिंपडू नका, बुरशी येते. बिनरमचा केक नाताळाच्या तीन-चार दिवस आधीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

‘भाजताना दारू उडूनच जाते’ या समजावर तर अजिबात विसंबू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिश्रणात घातलेलं अल्कोहोल तासभर भाजल्यावरही सुमारे २५ टक्के उरतं, अडीच तासांनंतरही ५ टक्के. वरून शिंपडलेली रम तर भाजलीच जात नाही. घरात कुणी गरोदर असेल, व्यसन सोडलेलं असेल, दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिरामसारखं औषध घेत असेल किंवा धर्म म्हणून दारू टाळत असेल, तर रमचा केक पुढे करताना स्पष्ट सांगा. लपवून खाऊ घालणं चूकच आहे.

इतर पदार्थांत हिशोब वेगळा. रिसोटोत, म्हणजे इटालियन मऊ भातात, व्हाइट वाइन आंबटपणासाठी असते. एक कप वाइनऐवजी एक कप व्हिनेगर ओतलं तर पदार्थ तोंडात धरवत नाही. पाऊण कप भाजीचा स्टॉक आणि चमचाभर लिंबाचा रस पुरतो. गोव्याच्या सान्नांना, म्हणजे तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाला, माडाची सूर (माडी) लागते ती पीठ फुगवायला. ती नसेल तर नारळपाण्यात चिमूटभर यीस्ट आणि थोडी साखर घाला, फेस आला की पिठात मिसळा आणि पीठ वर येईपर्यंत थांबा.